मावशींचा गोठा हद्दीत येतो

लग्न होऊन या घरात आल्यापासून मावशी एकही रात्र दुसरीकडे झोपल्या नव्हत्या. ऐकणाऱ्याला वाटेल, काय या बाईची घरावर माया! माया कसली डोंबलाची. म्हशी होत्या.

म्हैस दिसायला थंड जनावर, पण मनानं भारी नाठाळ. धार काढणारा हात ओळखीचा नसला की ती पान्हा चोरते. सडांत दूध भरलेलं असतं, पण थेंब सोडत नाही, आणि वर तुमच्याकडे अशी बघते की चोर तुम्हीच. मावशींच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशींना एकच हात माहीत होता. सासूबाईंनी नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात धारेला बसवलं, 'तुझा हात किती हलका आहे गं' म्हणून तोंडभर कौतुक केलं, आणि त्या जागेवरून ज्या उठल्या त्या परत कधी तिथं बसल्याच नाहीत. पुढं सासूबाई गेल्या. त्यांच्या वेळच्या म्हशी गेल्या, त्यांच्या पारड्यांच्या म्हशी झाल्या. हात मात्र तोच राहिला. सकाळी उजाडायच्या आत एकदा आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत एकदा. मुलगा झाला तोसुद्धा दोन धारांच्या मधल्या वेळात झाला, असं घरचे मालक आल्यागेल्याला हसून सांगायचे. लोकांना तो विनोद वाटायचा.

मालक म्हणजे मावशींचे यजमान. त्यांना सगळी वस्ती मालक म्हणायची, त्यामुळे मावशीही मालकच म्हणायच्या. गोठा त्यांच्या वडिलांनी उभा केला होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! स्वतः त्यांनी जन्मात कधी सडाला हात लावला नव्हता. ते फाटकाजवळ खाटेवर बसायचे, गिऱ्हाइकाला माप घालायचे आणि मापापेक्षा जास्त गप्पा घालायचे. गोठ्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मावशी म्हणाल्या होत्या, "अहो, दोनचार म्हशी काढून टाकायच्या का?" मालक भिंतीकडे तोंड करून झोपले ते दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी मावशींनाच त्यांची समजूत काढावी लागली, आणि ती काढताना कधी नव्हे ते एक म्हैस वाढली.

गडी ठेवूनही पाहिला होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची म्हैस होती, तिनं त्याला बादलीसकट उताणा पाडला. बाकीच्यांनी पान्हा चोरला. तीन वेळा धार चुकली तेव्हा एकीची कास दगडासारखी झाली, आणि गडी आपणहून निघून गेला. जाऊ शकत होता बिचारा.

आता मावशींची बोटं सुजायला लागली होती. सकाळी मूठ उघडायची म्हणजे गरम पाण्यात हात बुडवून बसावं लागे. पण दुखणाऱ्या बोटांचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो ताईपाशी.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच धाकटीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं, तिचं लग्न करून दिलं. ताईला स्वतःला मूलबाळ झालं नाही, नवराही गेला. बसनं पूर्ण दिवस लागेल एवढ्या लांबच्या गावात ती वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गेल्या वर्षापासून तिची नजर गेली होती. सगळी नाही, पण समोर कायम धूर असल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हे आहे तेवढंच टिकलं तरी नशीब. शेगडी पेटवताना तिचा हात दोनदा पोळला होता. 'कधी येतेस?' असं ती फोनवर विचारायची, आणि मावशी म्हणायच्या, 'येते गं, या म्हशींचं जरा बघते.' हे 'जरा' पंधरा-वीस वर्षांचं झालं होतं. मावशींना आता आठ दिवसांसाठी जायचंच नव्हतं. त्यांना ताईपाशी राहायला जायचं होतं, कायमचं, तिला पूर्ण अंधार व्हायच्या आत.

आणि अशात शहराला जागा कमी पडायला लागली.

वस्ती आणि शहर यांच्यामध्ये एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे नळ, गटारं, दिवे, कर आणि नगरपालिका. पलीकडे विहीर, अंधार, चिखल आणि स्वातंत्र्य. शहर लहानसंच, पण त्याच्या अंगावरचे कपडे त्याला पुरेनासे झाले होते. बसस्थानक बाजाराच्या छाताडावर बसलेलं, कचरा टाकायला वीतभर जागा नाही. तेव्हा नगरपालिकेनं ठरवलं, वस्ती आणि तिच्या मागचं माळरान शहराच्या हद्दीत घ्यायचं. म्हणजे ठरवलं नव्हतं, विचार चालू होता. नगरपालिकेचा विचार चालू असतो म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. वर्षभर नुसती मोजणीची माणसं फिती घेऊन येत होती आणि मालकांच्या खाटेवर चहा पिऊन जात होती.

मग एका संध्याकाळी मास्तर आले. हे शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात तशीच, त्यामुळे वस्तीचं पुढारीपण आपोआप त्यांच्याकडे आलेलं. त्यांनी नगरपालिकेतून नियमांचं पुस्तक पैदा केलं होतं. गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी संतापानं वाचलं, "शहराच्या हद्दीत दुभती जनावरं पाळण्यास मनाई आहे. हद्दीत नव्यानं येणाऱ्या भागातले गोठे सहा महिन्यांत बंद करण्यात यावेत."

मावशी चांदीच्या कासेखाली बसल्या होत्या. धार थांबली.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी परत वाचलं.

"बंद म्हणजे बंदच?"

"बंदच, वहिनी. ऐकूनच घेणार नाहीत. नियम आहे ना!"

नियम आहे. मावशींना वाटलं, जन्मात इतका गोड शब्द आपण ऐकला नव्हता. मालक कुणावर रुसणार? नियमावर? ते भिंतीकडे तोंड करून झोपले तरी नियम काही त्यांची समजूत काढायला येणार नव्हता. कुणाला विकायला लावलं नाही, कुणी हट्ट केला नाही, कुणाच्या बापाचा अपमान नाही. सरकारी कागद येईल, म्हशी ज्याच्या त्याच्याकडे जातील, मालक मुलाकडे फ्लॅटवर राहतील. तिथं लिफ्ट होती आणि गप्पांना चार मजल्यांची नवी माणसं होती. आणि आपण बसमध्ये बसू. खिडकीपाशी.

त्यांनी कपाळ चांदीच्या पोटाला टेकवलं, कारण तोंडावर हसू फुटत होतं आणि ते मास्तरांना दिसणं बरं नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते.

"रडू नका, वहिनी," मास्तर म्हणाले. "आम्ही मेलो नाही अजून!"

दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती मावशींच्या म्हशींसाठी पेटून उठली. खरं सांगायचं तर कुणाला घरपट्टी नको होती, कुणाचं बांधकाम रस्त्यात आलं होतं, कुणाच्या भट्टीचा धूर नियमात बसत नव्हता. पण या गोष्टी फलकावर लिहिता येत नाहीत. म्हातारी बाई आणि तिच्या म्हशी, हे कसं पटकन काळजाला भिडतं! छापखान्याचा मुलगा कॅमेरा घेऊन आला. त्यानं मावशींना चांदीच्या गळ्यात हात टाकून उभं केलं.

"मावशी, जरा दुःखी व्हा."

"आता आणखी कशी होऊ, बाबा?"

"हं, बरोबर, असंच! हलू नका."

आठवड्यात ओढ्याच्या पुलावर मावशींच्या दुप्पट उंचीच्या मावशी लागल्या. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'हिच्या म्हशी, आपली वस्ती. हद्दवाढ नको!' दुधाला येणाऱ्या बायका मावशींचा हात हातात घेऊन दाबायच्या, नेमका दुखरा. "काळजी करू नका, आम्ही तुमच्या मागं आहोत." मावशींना वाटायचं, मागं आहात तेच तर संकट आहे, बायांनो. मागं फिरायला जागा ठेवलीत कुठं?

पण बोलणार काय? मालकांचं तर जेवण वाढलं होतं. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या गोठ्याबद्दल एवढं बोललं नव्हतं. ते नवा सदरा घालून फाटकात बसायला लागले.

एकट्या ताईला मावशींनी खरं ते सांगितलं. घरात कुणी नसताना फोन लावला आणि कुजबुजल्या, "ताई, कायद्यानंच बंद होणार गं. पास झालं की सहा महिन्यांत मी तुझ्याकडे."

ताई म्हणाली, "मस्करी करू नकोस हं, धाकटे."

"तुझी शपथ."

"मग मी तुझी खाट खिडकीपाशी घालते. मला काय, उजेड असला काय नि नसला काय. तुला लागेल." आणि ताई हसली. तिला असं हसताना ऐकून मावशींना वर्षं झाली होती.

आता सगळं अवलंबून होतं मावशींच्या मुलावर. हा शहरात नगरसेवक होता. घरात त्याला बाळ्या म्हणत, आणि तो कितीही मोठा साहेब झाला तरी मावशींच्या दृष्टीनं बाळ्याच. नगरपालिकेत दोन्ही बाजूंचं बळ सारखं झालं होतं आणि बाळ्या मध्ये उभा होता. ज्या प्रभागानं त्याला निवडून दिलं, त्याला बसस्थानक पलीकडे हलवून हवं होतं. ज्या वस्तीत तो वाढला, ती त्याच्या आईचा फोटो पुलावर लावून बसली होती. तो रोज सकाळी दूध न्यायला त्याच पुलावरून मोटरसायकल काढायचा. पार कात्रीत सापडला होता पोरगा.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तो एकटाच घरी आला. मालक बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. मावशींनी त्याला पाणी दिलं आणि समोर बसल्या. एवढं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं, म्हणून आधी पदराला हात पुसले, मग उगाच पुन्हा पुसले.

"बाळ्या, तू हो म्हण उद्या. वस्ती घेऊ दे शहराला."

तो पाणी पिता पिता थांबला.

"आई, आणि म्हशी?"

"जाऊ दे. मला नकोत म्हशी."

"आई..."

"खरंच नकोत रे. मला काही वाटणार नाही. मी ताईकडे जाईन राहायला. बरंच होईल माझं."

बाळ्यानं तांब्या खाली ठेवला आणि तोंड हातांनी झाकलं. मावशींना वाटलं, सुटला बिचारा, आणि मीही सुटले. त्यांच्या मनात बसची खिडकीसुद्धा उघडली. तेवढ्यात तो रडायला लागला.

"मला माहीत होतं तू हेच म्हणणार. मी येतानाच तुझ्या सुनेला म्हणालो होतो, बघ, आई मला अडचणीतून सोडवायला बघेल. तुला जन्मात कधी काही हवं होतं का गं? शेवटची पोळी मला दिलीस नि म्हणालीस, भूक नाही. पंखा आणला तर म्हणालीस, मला वारा सोसत नाही. मी पहिल्या पगारात शाल आणली, ती तू सुनेला दिलीस, 'मला नको, मला गरम होतं' म्हणून. थंडीच्या दिवसांत!"

यातलं एकही खोटं नव्हतं. भूक होती, वारा सोसत होता, आणि ती निळी शाल तर त्यांना इतकी आवडली होती की सून ती अंगावर घेऊन आली की त्या दुसरीकडे बघायच्या. जन्मभर हवं असताना नको म्हणत आल्या. आता खरोखर नको असताना नको म्हणायला गेल्या तर त्यांच्याकडे वेगळा शब्दच शिल्लक नव्हता.

"बाळ्या, ते वेगळं. हे मी मनापासून सांगतेय."

"ते पण मनापासूनच सांगायचीस," तो डोळे पुसत हसला. "तू काळजी करू नकोस. मी तुझ्या म्हशी जाऊ देणार नाही. मग माझं पद गेलं तरी बेहत्तर."

तो गेला तेव्हा मावशींना रडूही येईना आणि रागही येईना. एवढ्या मायेच्या माणसावर रागवायचं तरी कुठून सुरुवात करून?

पण त्यांनी हिंमत सोडली नाही. सभेत हरकती ऐकणार होते. वस्तीतल्या कुणालाही बोलता येणार होतं. घरात बोललेलं घरात मुरतं, पण भर सभेत, माइकवर, अध्यक्षांसमोर बोललेलं कोण कसं नाकारेल? दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढताना त्यांनी भाषण पाठ केलं. चांदीला सगळं ऐकवलं. ती रवंथ करत राहिली.

सभागृह खच्चून भरलं होतं. वर लाकडी मंचावर नगरसेवक, मध्ये नगराध्यक्ष. या बाई मुळात दातांच्या डॉक्टर. बाजारात दवाखाना, अर्ध्या शहराच्या दाढा त्यांच्या हातून निघालेल्या. समोरचा बोलायला लागला की त्या त्याच्या डोळ्यांपेक्षा तोंडात जास्त बघायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढे भलेभले तोंड मिटून घ्यायचे. हद्दवाढ त्यांना हवीच होती. कचऱ्याला जागा मिळाली नाही तर पुढच्या निवडणुकीत लोक त्यांनाच उचलून टाकणार होते.

आधी इंजिनीअरनं नकाशा दाखवला. मग व्यापारी बोलले, मग मास्तर बोलले. मास्तर बोलताना शिट्टीला हात लावत होते आणि ते वाजवतील की काय या धास्तीनं पुढची रांग मागं सरकली होती. दुपार कलायला लागली. मावशींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. शेवटी कुणीतरी त्यांचं नाव न पुकारता नुसतं म्हणालं, "फलकावरच्या मावशी," आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

मावशी माइकपाशी उभ्या राहिल्या. पाठ केलेलं सगळं विसरल्या. पण ते बरंच झालं, कारण त्यामुळे त्या खरं तेच बोलल्या.

"वस्ती घ्या शहरात. गोठा बंद करा. मला म्हशी नकोत. माझे हात दुखतात. मी थकले. माझी बहीण आहे, तिला दिसत नाही, मला तिच्याकडे जायचंय. मालकांना वाईट वाटेल, पण मुलगा त्यांना सांभाळेल. एवढंच."

सभागृहातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मावशींना वाटलं, पोचलं. एकदाचं पोचलं.

मग मास्तरांनी हुंदका दिला.

"बघा!" ते उभे राहून ओरडले. "बघा, निर्दयांनो! पोराचं पद वाचावं म्हणून ही बाई काळजावर दगड ठेवून काय बोलतेय ते बघा!"

मागं बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मालक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मावशींकडे असं पाहिलं की तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि बाळ्या मंचावर उठून उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. पोळी सांगितली, पंखा सांगितला, शाल सांगितली. "आणि आईच्या बहिणीचं म्हणाल, तर ते निमित्त आहे. चाळीस वर्षांत आई एक दिवस या म्हशींना सोडून राहिली नाही. एक दिवस! हिला करमेल का तिकडे?"

"अरे, राहिले नाही कारण राहता येत नव्हतं!" मावशी माइकवर म्हणाल्या. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून सभा शांत केली. त्या मावशींच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या.

"माझा धंदाच असा आहे," त्या म्हणाल्या, "की माणूस 'दुखत नाही' म्हणतो तेव्हा नेमकं कुठं दुखतंय ते मला कळतं. या बाई नको म्हणतात, त्याचा अर्थ न कळायला मी काही दगड नाही."

मावशी पुन्हा माइककडे वळल्या, पण बाई थांबल्या नाहीत.

"शहराला जागा हवी आहे. वस्तीला आपला मान हवा आहे. दोन्ही होऊ शकतं. मी दुरुस्ती सुचवते. वस्ती आणि माळरान हद्दीत घ्यावं. मात्र खास बाब म्हणून, मावशींचा गोठा त्या हयात असेपर्यंत आहे तिथंच, आहे तसाच राहील. मनाई नियम त्यांना लागू होणार नाही. इतकंच नाही, त्यांना पाण्याचा नळ गोठ्यात फुकट देण्यात येईल. आहे कुणाची हरकत?"

कुणाची असणार? व्यापाऱ्यांना बसस्थानक मिळालं, कचऱ्याला जागा मिळाली. मास्तरांना विजय मिळाला, आणि घरपट्टीचं नाव कुणी काढलंच नव्हतं तर आता कुठल्या तोंडानं काढणार? बाळ्याचा तर जीव भांड्यात पडला. त्याला ना प्रभाग सोडावा लागला ना आई. सगळे हात एकदम वर गेले. वर्षभर ज्याचा विचार चालू होता ते शहरानं एका मिनिटात गिळून टाकलं.

"मला हरकत आहे," मावशी म्हणाल्या.

लोक प्रेमानं हसले. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, फुकटचा नळसुद्धा नको म्हणतेय!"

बाळ्या मंचावरून उडी मारून खाली आला आणि त्यानं त्यांना मिठी मारली. त्याच्या छातीत दाबल्या गेलेल्या मावशींना माइक दिसेना, अध्यक्ष दिसेनात, नुसता त्याच्या शर्टाचा खिसा आणि त्यातलं पेन दिसत होतं. त्या पेनाशीच त्या म्हणाल्या, "सोड मला. धारेची वेळ झाली."

"ऐकलंत?" बाळ्या सभागृहाला ओरडून म्हणाला. "धारेची वेळ झाली म्हणतेय!"

त्यावर ज्या टाळ्या पडल्या, त्या त्या सभागृहात आजवर कुठल्याही पुढाऱ्याला पडल्या नव्हत्या.

नगरपालिकेच्या गाडीतून त्यांना घरी सोडलं. म्हशी हंबरत होत्या. मावशी कपडे न बदलताच बसल्या. एकामागून एक सगळ्यांची धार निघाली. त्या दिवशी एकीनंही पान्हा चोरला नाही. बोटं आपोआप चालत होती, आणि डोक्यात तेवढे दोनच शब्द फिरत होते. हयात असेपर्यंत. आता मालकांशी भांडून, मुलाला दुखावून, सगळ्या वस्तीला तोंडघशी पाडून उठून गेलं तरच सुटका. आणि तसं करणारी बाई त्या असत्या तर या घरातून केव्हाच उठून गेल्या असत्या.

बाहेर मालक गिऱ्हाइकांना सभेची हकिगत सांगत होते. मास्तर गोठ्याच्या दारात आले.

"वहिनी, आता तुम्ही शंभर वर्षं जगायचं," ते म्हणाले. "सगळी वस्ती तेच मागतेय. तुम्ही आहात तोवर गोठा आहे."

मावशींनी मान हलवली. दुधाची कळशी उचलून बाहेर नेली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन फोन लावला. ताईनं पहिल्याच घंटेला उचलला. फोन हातात धरूनच बसली असणार.

"काय झालं गं?"

मावशींनी सांगितलं. सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला यायचं होतं, ताई. मला खरंच यायचं होतं."

ताई अगदी मोकळ्या, हसऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, बरंच झालं की! मीच म्हणणार होते तुला, एवढ्या लांब येऊ नकोस. माझं काय अडलंय इथं? मला नको कुणी. आणि आता तर मला पहिल्यापेक्षा बरंच दिसायलासुद्धा लागलंय."

मावशींनी फोन कानाशी घट्ट धरला. जगात दुसऱ्या कुणालाही ते खरं वाटलं असतं.